व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईचे बाळंतपण : माझा अनुभव

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझे दोन्ही पाय अधू आहेत आणि घराबाहेर मी व्हीलचेअर वापरते. दिवस गेल्याचे कळताच आशाताईंनी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात माझी नोंदणी करून दिली. माता बाल संरक्षण कार्ड सहज मिळाले; अडचण आली ती त्यावरचे रकाने भरताना.

मला उभे राहता येत नाही म्हणून परिचारिकेने वजन अंदाजाने लिहिले आणि पुढच्या भेटीत त्यात दोन किलो मिळवले. गरोदरपणात वजन नीट वाढते आहे की नाही हे पाहण्यासाठीच तो रकाना असतो, त्यामुळे मी ते चालवून घेतले नाही. रेशन दुकानात पोती मोजण्याच्या काट्यावर खुर्चीसकट वजन केले, रिकाम्या खुर्चीचे वजा केले आणि तो आकडा आशाताईंकडून कार्डावर चढवून घेतला. तपासणीचे टेबल मात्र इतके उंच होते की, दर वेळी मला उचलून ठेवण्यासाठी नवऱ्याला पडद्याआड बोलवावे लागे. एरवी त्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता.

“यांना कळा जाणवणारच नाहीत, सिझेरियनच करू,” असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, तेही माझ्या नवऱ्याला. पोलिओचा विषाणू स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. स्पर्शाची आणि वेदनेची जाणीव शाबूत राहते. मज्जारज्जूला इजा झालेल्या बाईची गोष्ट वेगळी असते, आणि हा फरक मला तिथे समजावून सांगावा लागला. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनीही सिझेरियनच सुचवले. पण त्यांनी माझे कटिर हाड तिरके असल्याचे कारण मला सांगितले आणि कणा वाकडा असल्यामुळे पाठीतून भूल देणे कितपत जमेल, हे भूलतज्ज्ञांना आधीच तपासायला लावले. निर्णय तोच होता, पण या वेळी तो माझ्याशी बोलून झाला.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राबरोबर कुटुंबनियोजनाच्या ‘ऑपरेशन’चा कागदही पुढे आला. “पोट उघडणारच आहे, तर उरकून घ्या, तुम्हाला पुन्हा हा त्रास कशाला,” असे सांगण्यात आले. पहिलेच मूल असणाऱ्या, चालत्याफिरत्या बाईला असा आग्रह कोणी केला असता, असे मला वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 10 नुसार आमच्या मोकळ्या आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. कलमाचा उल्लेख करताच तो कागद परत गेला.

पैशाच्या बाबतीत व्यवस्था बरी निघाली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रिया पात्र धरल्या जातात. पहिल्या अपत्यासाठीचे 5,000 रुपये मला दोन हप्त्यांत मिळाले, दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंदणी आणि पहिले लसीकरण झाल्यावर.

बाळंतपणानंतर मी टेबलासाठी लेखी अर्ज केला. त्याच अधिनियमाचे कलम 25 सरकारी आणि खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेशाची तरतूद करते, हे त्यात नमूद केले. त्यावर टेबलाशेजारी एक लोखंडी पायरी आणून ठेवण्यात आली. आता दुसऱ्या अर्जात मी माझ्या खुर्चीच्या बैठकीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून तेवढे खाली येणारे टेबल मागितले आहे, आणि खुर्चीसकट वजन करता येईल असा काटाही.