नाही हो, काही होत नाही

संमतीपत्रावर सही करता करता त्या बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही रोज त्या भुलीच्या गॅसजवळ असता, तुम्हाला काही होत नाही का?" मी हसून म्हटलं, "नाही हो." त्यांनी मांजराची टोपली माझ्या हातात दिली आणि विषय तिथेच संपला. त्यांच्यापुरता.

मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही. कारण मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. पेशंटच्या जिभेला पल्स ऑक्सिमीटर, श्वासाच्या ट्यूबला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ, अंगाखाली गरम गादी, आणि मिनिटामिनिटाची नोंद करायला मी. माझ्या डोकेदुखीची नोंद कुठल्या कागदावर? आम्ही म्हणजे मशीनचाच एक भाग, नळी लावणारा. माझी सहकारी प्राची आता ऑपरेशनच्या खोलीत येत नाही, ते बरंच आहे. पण आत येणारे बाकीचे काय लोखंडाचे आहेत?

वास येत नाही म्हणजे गळती नाही, असं आमचे डॉक्टर सर अजूनही म्हणतात. कामाच्या जागी आरोग्य कसं जपावं ते बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने 1977 साली आम्ही वापरतो त्या जातीच्या भुलीच्या वायूंसाठी हवेत 2 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत दोन भागांची, मर्यादा सुचवली. नाकाला वास कळेपर्यंत आकडा तिच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. गंमत म्हणजे तेव्हा आमचं आयसोफ्लुरेन, म्हणजे आम्ही भुलीला वापरतो ते, बाजारात आलंच नव्हतं. उसन्या आकड्यावर चाललंय आमचं.

ऑपरेशन चालू असताना मला फारशी भीती वाटत नाही. सकाळी मशीनचा पॉप-ऑफ, म्हणजे जादा गॅस सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करून, नळीचं तोंड अंगठ्याने दाबून दाब धरतो का ते मी बघतेच, आणि तपासणी झाली की व्हॉल्व्ह लगेच उघडतेही. तो बंद राहिला तर पेशंटची फुप्फुसं फुटायला वेळ लागत नाही. ट्यूबभोवतीचा फुगा, म्हणजे कफ, नीट फुगवला की कडेनेही काही येत नाही. मास्कने भूल द्यायची वेळ आली तर मात्र अर्धी भूल खोलीलाच.

खरी अडचण नंतरची. आज ती मांजर शुद्धीवर येत होती. आधी कान हलला, मग जिभेचं टोक आत गेलं, गिळल्यासारखं केलं. ट्यूब काढली. हिरड्यांचा रंग बघायला, श्वास ऐकायला मी वाकले, आणि तिने सगळा उच्छ्वास माझ्या तोंडावर सोडला. अंगातलं आयसोफ्लुरेन ती बाहेर टाकणार ते श्वासावाटेच, दुसरीकडून कुठून टाकणार बिचारी! आणि नेमकं तेव्हाच लांब उभं राहता येत नाही. ब्रिटनमधल्या 2008 च्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मांजरांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशननंतरचे होते, बहुतेक पहिल्या तीन तासांतले. म्हणजे तिच्या भल्यासाठी मी जवळ जायचं आणि माझ्या भल्यासाठी लांब राहायचं. घ्या.

तर आजपासून: व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा) बंद केल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन, ट्यूब तशीच ठेवून. मशीनची श्वासाची बॅग खोलीत नाही, वाया जाणारा गॅस गोळा करणाऱ्या स्कॅव्हेंजरच्या नळीत रिकामी करायची. पिंजऱ्यांच्या खोलीतला एक्झॉस्ट चालू. व्हेपोरायझर भरायचा तो दिवस संपताना, सगळे बाहेर गेल्यावर. (म्हणजे मी एकटी आत. हेही आहेच.) एवढं करूनही वाकावं लागणार, ते मी वाकणारच. नोकरीच वाकायची आहे.

वाया जाणारा गॅस शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याचं तेवढं राहिलं होतं. मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम निदान रंग तरी बदलतो. हा भरला तरी तसाच काळा. आमच्या डब्यावर छापलंय की वजनात 50 ग्रॅमची भर पडली की तो बाद. सरांना म्हटलं, रोज वजन करते. ते म्हणाले, काटा कुठाय? म्हणून पिल्लांच्या काट्यावर ठेवला आणि वजन फळ्यावर पिल्लांच्याच यादीत लिहिलं. संध्याकाळी नवीन मुलगा विचारत होता, हे शेवटचं पिल्लू कुणाचं, आणि याला जंताचं औषध दिलं का.