चढावर गाडी मागे का येते?

गाडी शिकणारे बरेच जण विचारतात, ‘सपाट रस्त्यावर जमतं, पण चढावर थांबलं की गाडी मागे येते, नाहीतर बंद पडते. असं का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्लच नेमका कुठे पकडतो हे डाव्या पायाला अजून कळलेलं नसतं, हे त्याचं मूळ. पेडल पूर्ण दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. पेडल सोडत आणलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, घासायला लागते आणि पूर्ण सोडल्यावर दोन्ही एकत्र फिरतात. मधला घासण्याचा टप्पा अगदी थोडा असतो आणि तो प्रत्येक गाडीत वेगळ्या उंचीवर येतो. म्हणून क्लासच्या गाडीवर बसलेला हात घरच्या गाडीवर पुन्हा बसवावा लागतो.

आधी मोकळ्या मैदानात जा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळाशी दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पहिला गिअर टाका, एक्सिलरेटरला पाय लावूच नका आणि क्लच अगदी सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते आणि गाडी सरकू लागते. पाय तिथेच धरा, मग पुन्हा दाबा. ही जागा खाली न बघता सापडेपर्यंत चढाकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चढ. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढा. क्लच तळाशी, पहिला गिअर. उजवा पाय ब्रेकवरून काढून थोडी रेस द्या. छोट्या पेट्रोल गाडीत आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा दीड हजाराच्या आसपास आला तरी पुरे. मग क्लच सोडत या. आवाज खाली बसला आणि बॉनेट किंचित वर उचललं गेलं की क्लचने गाडी धरली. आता डावा पाय हलवायचा नाही. बटण दाबून हँडब्रेक खाली सोडा. गाडी जागीच उभी राहील किंवा पुढे सरकेल. थोडी रेस वाढवा, गाडी आपल्या लांबीइतकी पुढे गेली की मग क्लच पूर्ण सोडा. हँडब्रेक सुटल्याच्या आनंदात डावा पाय झटकन वर येतो आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गाडी बंद पडते.

बंद पडलीच तर हात आधी चावीकडे नेऊ नका. आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग क्लच दाबून स्टार्टर. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या यंत्रणेत, दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच मदत उरते, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून एकदाच घट्ट दाबा, पंप करत बसू नका.

हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी तोलून उभी ठेवायची सवय मात्र मला अजिबात मान्य नाही. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा जळका वास येतो तो बऱ्याचदा याच सवयीचा. प्लेट सतत घासत राहते, तापते, तिचं अस्तर झिजतं. पुढे वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, म्हणजे प्लेट घसरायला लागली. रांगेत थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर सोडा. तीही मागे येऊ शकते. छोटं इंजिन दमत असेल तर निघण्यापुरता एसी बंद करा, फरक लगेच कळतो.

हँडब्रेक पूर्ण वर येऊनही गाडी घसरत असेल तर दोष तुमच्या पायाचा नाही. केबल ढिली झालेली असू शकते, गॅरेजमध्ये तपासून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, पण तो ब्रेक दोन-तीन सेकंदच धरून ठेवतो. हँडब्रेकची पद्धत त्याआधी यायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पक्क्या लायसन्सच्या चाचणीतही चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणं आहेच.

अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा नियम आहे. उतरताना तो पाळा, कारण समोरच्याला आत्ता सांगितलेलं सगळं पुन्हा करावं लागतं. उतारावर न्यूट्रल करू नका, क्लचही दाबून ठेवू नका. साधारण ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत.