लालबागच्या दुकानांत बिटकॉइनचा क्यूआर लावताना: माझा अनुभव

आमच्या लालबागमध्ये ओळखीच्या काही दुकानदारांना बिटकॉइनमध्ये पेमेंट घ्यायचं सेटअप करून दिलं त्याला आता वर्ष होत आलं, आणि अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं की आमच्या एरियात पण करायचंय, कसं केलंस, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. टेक्निकल भाग एका सुट्टीच्या दिवशी उरकतो. बाकी सगळा वेळ भाव, हिशोब आणि रिटर्न यातच जातो, आणि दुकानदार जे विचारतात ते क्रिप्टोवाल्या पोरांच्या ग्रुपवर कधी कोणी विचारताना मी बघितलेलं नाही.

डोक्यात आलं कसं तर लोअर परळच्या ऑफिसांतली पोरं करी रोडच्या पुलावरून चिवडा गल्लीत येतात, मार्चपासून मसाला कुटायला आयांना घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडे थोडंफार बिटकॉइन पडलेलं असतं. म्हटलं घेऊन बघू. चिवडावाले काका, मिरची-मसाल्याच्या डंक्यावाल्या मावशी, किराणावाले शेठ, मोबाईल रिपेअरचा पोरगा, असे लहानपणापासून ओळखणारे लोक धरले. अनोळखी दुकानात जाऊन हे समजवायला लागलात तर तुम्हाला स्कीमवाला समजतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, चिट फंडात पोळलेली माणसं आमच्याकडे घरटी आहेत.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, पोलीस येणार नाहीत ना? तर थोडक्यात असं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका असं सर्क्युलर काढलेलं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मध्ये रद्द केलं. 2022 च्या बजेटमध्ये टॅक्स लावला. म्हणजे बंदी नाही, पण हे कायदेशीर चलन पण नाही, कोणी तुम्हाला दिलं तर घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, आणि बुडालं तर दाद मागायला बँकेसारखी जागा नाही. मी हे असंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. काकांनी लगेच विचारलं, "आणि ते वझीरएक्सचं काय झालेलं?" जुलै 2024 मध्ये या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या साईटवरून, 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेलेले आणि लोकांचे पैसे अडकलेले, ते त्यांच्या भाच्यामुळे त्यांना पाठ होतं. म्हणून मग एक्स्चेंजवर पैसे ठेवायचे नाहीत, प्रत्येकाचं स्वतःचं वॉलेट, म्हणजे कॉइन ठेवायचं अॅप, आणि त्याची गुप्त चावी स्वतःकडे, हे तिथेच ठरलं.

शेठचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि खरं सांगायचं तर सगळा विषय त्या एका प्रश्नातच होता. म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक देईल मला, पण मी पुढे कोणाला देऊ? वाशीला माल भरायला जातो तिथला दलाल घेणार का? मस्जिद बंदरला घेणार का?" नाही घेणार. किराण्यात मार्जिन एवढं बारीक की आलेला पैसा चार दिवसांत परत मालात गेला नाही तर फळी रिकामी दिसायला लागते. यूपीआयचे पैसे तेवढ्याच रुपयांचे राहतात, 2020 पासून त्यावर दुकानदाराला चार्जही नाही, आणि तेच पैसे सकाळी दलालाला जातात. माझं बिटकॉइन शेठपाशी येऊन थांबतं, मग ते विकून रुपये करा, मध्ये भाव पडला तर साखरेवरचं मार्जिन गेलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. शेठ नाही म्हणाले ते बरोबरच म्हणाले.

त्यांनीच मग तोडगा काढला की कॉइन तू घे, मला जीपे कर. ऐकायला एकदम सोपं वाटतं आणि मला वाटतं जे कोणी हे करायला जातात ते इथेच फसतात. मार्च 2023 पासून दुसऱ्यांसाठी क्रिप्टो बदलून देणं, पाठवणं, सांभाळणं हा धंदा म्हणून केला तर मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली येतो, त्यासाठी एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, रजिस्ट्रेशन लागतं, केवायसी, रेकॉर्ड, सगळं. मी पडलो टेस्टिंगवाला माणूस, पगारी. त्यामुळे मी कोणाचंही कॉइन एक मिनिटसुद्धा माझ्याकडे घेतलेलं नाही, मी फक्त फोनमध्ये सेटअप करून देणार आणि शिकवणार, बस. स्वतःचा बीटीसीपे सर्व्हर टाकून सगळ्या दुकानांना त्यावर घ्यायची आयडिया पण याच कारणाने सोडली, बिटकॉइन पेमेंट घ्यायचं चांगलं फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पण सगळ्यांचा गल्ला माझ्या सर्व्हरवर नको.

आता टेक्निकल. साधं बिटकॉइन ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जायला, म्हणजे पक्कं व्हायला, सरासरी 10 मिनिटं, वर नेटवर्कची फी, पाव किलो चिवड्यासाठी कोण थांबणार. म्हणून लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनवरच उभं केलेलं झटपट पेमेंटचं नेटवर्क. सेकंदात होतं आणि फी नगण्य. पोरांचं म्हणणं होतं की यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं कॉइन, पण ठेवा, भाव हलत नाही. बरोबर आहे, पण ट्रॉन नेटवर्कवरून पाठवलं की इथेरियमवरून, पत्ता कुठला, फी कोणाची, हे काउंटरवर गर्दीत कोण बघणार? एकच कॉइन, एकच पद्धत, यावर मी अडून बसलो.

लाइटनिंगमध्ये दोन गोष्टी आधी माहिती पाहिजेत. एक, नेहमीचा इनव्हॉइस एकदाच चालतो, रक्कम टाकून दर वेळी नवीन क्यूआर काढावा लागतो. दुकानदारांना यूपीआयसारखा छापून चिकटवायचा क्यूआर पाहिजे असतो, त्यासाठी लाइटनिंग अॅड्रेस देणारं वॉलेट बघा. दुसरं, स्वतःच्या चावीवाल्या वॉलेटमध्ये पैसे यायला आधी चॅनेल, म्हणजे पैसे यायचा रस्ता, उघडावं लागतं आणि बऱ्याच वॉलेटमध्ये त्याची फी पहिल्या पेमेंटमधून कापतात. मोबाईलवाल्या पोराला पहिलंच पेमेंट टेम्पर्ड ग्लासचं आलं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त चॅनेलमध्ये गेलं, तो मला म्हणतो, "दादा, हा तर हप्ता झाला." आधी स्वतःच थोडी मोठी रक्कम टाकून चॅनेल उघडून घेतलं की हे टळतं.

चावीचे 12 इंग्रजी शब्द, जे ज्याच्या हाती त्याचे पैसे, हा वेगळाच किस्सा. मी सगळ्यांना सांगितलं कागदावर लिहा, फोटो काढू नका, घरी कपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी मावशींच्या डंक्यावर गेलो तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाखाली, त्यांच्या मुलाने सुंदर अक्षरात बाराही शब्द लिहून ठेवलेले, मिरची कुटायला आलेल्या बायकांची लाईन समोरच. मावशी म्हणतात, "अरे, मला इंग्लिश येत नाही, मग हरवायला नको." वॉलेट रद्द केलं, नवीन काढलं. त्या दिवसापासून मी शब्द लिहिलेला कागद दुकानात काढूच देत नाही, घरी बसून करायचं.

आणि साउंडबॉक्स. हे कोणीच आधी सांगत नाही. काकांचे हात पीठ, तेल, शेव यांत बरबटलेले, ते फोन बघत नाहीत, डबा बोलला की पुडी द्यायची. नुसते स्क्रीनशॉट दाखवून फसवणारे सगळीकडे फिरत असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर त्यांचा अजिबात विश्वास नाही. आमचं बिटकॉइन मुकं. शेवटी जुना अँड्रॉइड फोन लोखंडी पेटीवर उभा केला, त्यात फक्त पैसे घेता येतील, पाठवता येणार नाहीत असं लावलं, नोटिफिकेशनला मंदिरातल्या घंटेचा आवाज फुल व्हॉल्यूमवर. घंटा वाजली की आलं. हे जमल्यावरच काका खऱ्या अर्थाने तयार झाले.

मग सीए ताई. आमच्याच बिल्डिंगमधल्या, काकांचं काम बघतात. त्यांनी जे सांगितलं ते दुकानात जायच्या आधी समजून घ्या, नंतर सांगितलंत तर शिव्या खाल.

समजा 600 रुपयांचा चिवडा विकला आणि तेवढ्याचं बिटकॉइन आलं. त्या दिवशीचे 600 रुपये ही नेहमीसारखी विक्री, जीएसटी पण त्यावरच, त्यात सूट नाही. पुढे ते बिटकॉइन 680 ला विकलं तर वरच्या 80 वर 30 टक्के टॅक्स आणि त्यावर 4 टक्के सेस. तुमचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असलं तरी हा 30 टक्के लागतोच. आणि 540 ला विकलं तर 60 चा तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनसुद्धा नाही. काकांनी हे ऐकून शांतपणे विचारलं, "म्हणजे वर गेलं तर सरकार पार्टनर, खाली आलं तर मी एकटा?" ताई म्हणाल्या हो.

गिऱ्हाइकालाही हेच लागू, त्याने स्वस्तात घेतलेलं बिटकॉइन चिवड्यावर खर्च केलं तरी ते विकल्यासारखंच धरलं जातं. पोरांना हे माहितीच नव्हतं, अर्धी तिथेच गळाली. 1 टक्का टीडीएसचं म्हणाल तर जुलै 2022 पासून आहे, दुकानदार कॉइन घेतो म्हणून तांत्रिकदृष्ट्या कापायची जबाबदारी त्याच्यावर येते, पण एकाच माणसाकडून वर्षात 50,000 च्या वर गेलं तर, आणि धंदा 1 कोटीच्या वर असेल तर ती मर्यादा 10,000. एवढा चिवडा एक माणूस खात नाही, त्यामुळे आमच्याकडे प्रश्न आला नाही.

खरी माती झाली ती रिटर्नच्या फॉर्मने. छोटे दुकानदार अंदाजित उत्पन्नावर सुगम भरतात, म्हणजे आयटीआर 4, सीए थोडक्या पैशात करून देतो. क्रिप्टो विकलं की प्रत्येक व्यवहार तारखेसकट व्हीडीएच्या (टॅक्सवाले क्रिप्टोला व्हर्च्युअल डिजिटल अॅसेट म्हणतात) शेड्यूलमध्ये दाखवावा लागतो आणि ते शेड्यूल सुगममध्ये नाहीच, मग आयटीआर 3 भरा. सीएची फी वाढली, कटकट वाढली. मावशींनी सरळ हिशोब केला, आख्ख्या सीझनमध्ये बेडगी-संकेश्वरीच्या कुटाईचे जेवढे बिटकॉइन येणार त्याहून फीचा फरक जास्त. त्यांनी बंद केलं, मीच फोन रिसेट करून दिला. काकांचं आधीपासून पूर्ण वह्या ठेवून रिटर्न जातं म्हणून त्यांना वेगळा बोजा पडला नाही. माझ्या मते दुकान निवडताना तरुण मालक, मोठा बोर्ड वगैरे बघू नका, कुठला आयटीआर भरता ते विचारा.

परळच्या वर्कशॉपमधल्या एका मूर्तिकार दादांना पण उत्साह होता, त्यांचे गणपती बाहेरच्या देशात जातात, तिकडचे लोक म्हणतात क्रिप्टो पाठवतो. ताईंनी एका वाक्यात संपवलं, एक्स्पोर्टचे पैसे बँकेतून आले पाहिजेत, नाहीतर एक्स्पोर्ट सिद्ध कसा करणार. मी पुढे एक शब्द बोललो नाही.

रुपये कसे करायचे यावर मी एकच मार्ग सांगतो, एफआययूकडे नोंदलेलं भारतीय एक्स्चेंज, पॅन आणि बँक अकाउंट दुकानदाराच्याच नावाचं. तिथे 1 टक्का टीडीएस कापतात, तो 26एएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याच्या तुमच्या नावच्या स्टेटमेंटमध्ये, दिसतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्यायचा. पी टू पी वर, म्हणजे थेट माणसाला माणूस विकतो तिथे, कोणीतरी अनोळखी दोन रुपये जास्त देतो म्हणून विकायला जाऊ नका. समोरच्याने पाठवलेले रुपये फ्रॉडचे निघाले तर सायबर पोलिसांच्या पत्रावर बँक तेवढी रक्कम, कधी कधी पूर्ण अकाउंट, होल्डवर टाकते आणि मग तुमचा दलाल, लाईट बिल, कामगारांचा पगार सगळं लटकतं, तुम्ही कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या पोलीस स्टेशनला मेल करत बसता. दुकानदाराचं करंट अकाउंट म्हणजे त्याचा श्वास आहे, त्यात हा खेळ नको.

शेठ नंतर एकदा म्हणाले, मग ते सरकारी डिजिटलवालं काय असतं, ते घेऊ का? तो ई-रुपया, रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 ला किरकोळ वापरासाठी पायलट सुरू केला त्यात आपली मुंबई पहिल्या चार शहरांत होती. तो रुपयाच आहे, भाव हलत नाही, आणि यूपीआयच्याच क्यूआरवर स्कॅन होतो. त्यांना वेगळं काही चिकटवायला लागत नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला इंटरेस्टच गेला.

आज दोन ठिकाणी चालू आहे. मोबाईलवाला पोरगा आलेलं विकतच नाही, साठवतो, सीएचे वाढीव पैसे द्यायची त्याची तयारी आहे, त्याला ती बचत वाटते आणि त्याचं वय आहे. काकांनी नियम केलाय की दिवसाला ठराविक रकमेच्या वर घ्यायचं नाही आणि दर सोमवारी विकून टाकायचं, भाव काहीही असो. वहीत एक कॉलम वाढवलाय, तारीख, रुपये, किती सॅट आले, विकले तेव्हा किती, सून भरते. सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, ती त्याला पैसे म्हणते आणि तिचं काही अडत नाही. कोणाला बघायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर जा, तोपर्यंत गल्ल्यावर काकांचा भाऊ असतो आणि तो यूपीआय आणि कॅश सोडून काही घेत नाही, घंटावाला फोन पण तो बंद करून ठेवतो.