ते दोनशे कुणाचे?

डिसेंबरात सुट्टीवर पुण्याला आलो. दुसऱ्याच सकाळी दत्तवाडीच्या मावशी पासबुक घेऊन दारात. आमच्याकडे वीस वर्षं पोळ्या केल्या त्यांनी, आता सत्तरी ओलांडलीय. "दादा, दोन महिनं झालं, तेराशेच येत्यात. दोनशे कुठं गेलं?"

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यातले २०० केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे आणि बाकीचे राज्याचे, हे त्या दिवशी कळलं. (वयाची ऐंशी गाठली की केंद्र ५०० देतं.) बँकेत म्हणाले, तहसीलला विचारा. तहसीलच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ते वरून येतं." वर म्हणजे कुठं, विचारलं तर त्यांनी खरोखरच पंख्याकडे बोट केलं. मग आधार लिंक आहे का, हयातीचा दाखला दिलाय का... दाखला दिला होता. त्याची पोच मावशींनी रुमालात बांधूनच आणली होती.

परतीच्या विमानात मला आमच्या जर्मनीतल्या बिल्डिंगमधली खालच्या मजल्यावरची बाई आठवत राहिली. तिची नोकरी गेली, बेकारभत्ताही संपला. तिचं जर्मन माझ्याहूनही कच्चं, म्हणून मी सोबत जॉबसेंटरला, म्हणजे बेकारांना मदत देणाऱ्या सरकारी कचेरीत, गेलो होतो. तिथे जाच कमी नाही: तेच बँक स्टेटमेंट दोनदा मागितलं, आणि निकालाचं पत्र आलं ते चांगलं जाडजूड. पण त्यात रकमा दोन होत्या. पोटापाण्याचा पैसा केंद्राचा. घरभाडं आणि हीटिंग शहराच्या जबाबदारीचं, त्यातला मोठा वाटा केंद्र शहराला भरून देतं. तिच्या खात्यात मात्र एकच आकडा आला. काही अडलं तर जायचं त्याच दारात.

हे सुखासुखी जमलेलं नाही. २००५ पूर्वी तिथेही एक मदत केंद्राची, दुसरी पालिकेची, आणि माणूस मध्ये चेंडूसारखा. मग दोघांनी मिळून जॉबसेंटर काढली. २००७ मध्ये तिथलं घटना न्यायालय म्हणालं, अशी सरमिसळ घटनेत बसत नाही, जबाबदार नक्की कोण? आपल्याकडे एवढ्यावर खिडकी बंद झाली असती. त्यांनी २०१० मध्ये घटनाच बदलली, ९१ ई हे कलम घातलं आणि खिडकी ठेवली. शंभरेक ठिकाणी तर सगळा कारभार पालिका किंवा जिल्हाच बघतो, पैसे केंद्राचे असले तरी.

दोनशे रुपयांसाठी घटना बदला असं मी म्हणत नाही. पण त्या खिडकीतल्या बाईंना संगणकावर केंद्राची ओळ कुठे अडकलीय एवढं तरी दिसायला काय हरकत आहे? त्यांचाही दोष नाही. त्यांच्या पडद्यावर ते नव्हतंच.

फेब्रुवारीत मावशींच्या नातीने पासबुकाचा फोटो पाठवला. एकाच तारखेला दोनशेच्या चार ओळी. खाली मावशींचा व्हॉइस मेसेज: "दादा, वरून आलं बघा."