बीटलचे टॅपेट मी घरीच सेट केले

‘एअर-कूल्ड गाडी आहे साहेब, वाजणारच!’ हे इतक्या गॅरेजांत ऐकलं की शेवटी वैतागून पाने मीच हातात घेतले. गाडी 1967 ची, 1300 इंजिनवाली फोक्सवॅगन बीटल. वाजते याचं एवढं नाही, पण गप्प टॅपेटला खरं घाबरावं हे मला एकानेही सांगितलं नाही. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू यांच्यातला गॅप लावणं. हा गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये (तो ज्यावर टेकतो त्या कड्यात) उतरत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तीन नंबरच्या सिलिंडरवर खास लक्ष ठेवा. ऑइल कूलर तिथे हवा अडवतो.

गाडी उभी करणं, व्हॉल्व्ह कव्हरची तारेची कडी खाली ओढणं, डिस्ट्रिब्यूटरचा रोटर एक नंबर सिलिंडरच्या खाचेसमोर आणणं, हे सगळं मुकाट झालं. इंजिन मात्र थंडगार हवं. मी रात्री गाडी लावून पहाटेच बसलो, कारण पुण्यातल्या मे महिन्यात दुपारी काहीच थंड नसतं.

घोडं अडलं ते फीलर गेजवर, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पातीवर. गॅप 0.15 मिमी, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला सारखाच. पाती छान घासत सरकायची, स्क्रूचा लॉकनट आवळला की घट्ट. परत ढिला, परत पाती. स्क्रूड्रायव्हरने स्क्रू धरून ठेवूनच 13 चा रिंग पाना फिरवायचा, एवढं जमायला अर्धी सकाळ गेली. आणि सगळं बसवून सुरू केली, तर टकटक तशीच! डोकं फिरलं.

पुन्हा कव्हर काढून एक स्क्रू पूर्ण बाहेर घेतला, तेव्हा उलगडा झाला. टोकाला झिजून खोलगट वाटी पडली होती. पाती त्या वाटीच्या काठांवर टेकायची, खालचा खड्डा तिला कळतच नव्हता. म्हणजे खरा गॅप 0.15 पेक्षा जास्त. अशा वेळी पाती बाजूला ठेवा. या स्क्रूचा आटा 1 मिमीचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात 1 मिमी. रॉकर हलायचा थांबेपर्यंत स्क्रू हलक्या हाताने टेकवा, मग घड्याळातल्या नऊ मिनिटांएवढा मागे घ्या. 0.15 आलाच. आठही तसे केले आणि आवाज चांगलाच उतरला. नवे स्क्रू नंतर टाकले, ते टाकायलाच हवेत. इतकी वर्षं गॅरेजवाल्यांनी एकदाही एक स्क्रू काढून पाहिला नाही, याचा राग मात्र अजून जात नाही.

हो, एका सिलिंडरवरून पुढच्यावर जायला इंजिनची पुली उलटी, म्हणजे डावीकडे अर्धा-अर्धा फेरा फिरवा; सिलिंडर 1, 2, 3, 4 असे ओळीने येतात. सरळ फिरवलीत तर 1-4-3-2 हा क्रम डोक्यात ठेवत बसावं लागतं. कव्हरखाली ट्रे ठेवा, थोडं ऑइल सांडतंच. आणि कॉर्कचं गॅस्केट दर वेळी नवं घ्या, जुनं दुसऱ्यांदा गळतं.