हार्डडिस्कसाठी बँकेचा लॉकर : माझा अनुभव

गेल्या दिवाळीत आमच्याच मजल्यावर घरफोडी झाली. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप गेला आणि त्याच बॅगेत ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्कही गेली. नातवाचे जन्मापासूनचे फोटो त्या दोन्हींत होते, तिसरीकडे ते सगळे कुठेच नव्हते. "लॅपटॉप नवा येईल गं, फोटो कुठून आणू?" असं त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या आणि मला काही उत्तर देता आलं नाही. माझी स्वतःची डिस्कही कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणातच होती.

आधी फायरप्रूफ तिजोरी घ्यायचं ठरवलं होतं. पण कागदांसाठीच्या तिजोरीत आगीच्या वेळी आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं तरी चालतं. त्यात कागद टिकतो, हार्डडिस्क टिकत नाही. डेटासाठीच्या खास तिजोऱ्या आतलं तापमान ५२ अंशांच्या आत ठेवतात, पण त्या महाग आणि भयंकर जड असतात. म्हणजे एक प्रत घराबाहेर हवीच. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, फक्त कागदपत्रं टाकली, कारण आमच्या अपलोडच्या वेगाने १ टीबी डेटा चढवायला चार-साडेचार दिवस अखंड लागले असते.

मग बँक. तिथे माझं चौदा वर्षांचं खातं आहे. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "लॉकर आहे मॅडम, पण पाच लाखांची एफडी करावी लागेल, शिवाय एक पॉलिसी." मी विचार करून सांगते म्हटलं. पुढच्या आठवड्यात गेले तर लॉकरच शिल्लक नव्हता. वेटिंग लिस्टमध्ये नाव घाला म्हटलं, तर "आमच्याकडे तशी लिस्ट नसते." तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर.

त्या रात्री रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२१ चं परिपत्रक काढून वाचलं. शाखेने प्रतीक्षायादी ठेवायची, अर्जाची पोच द्यायची आणि यादीतला क्रमांकही द्यायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ठेव मागता येते, पण तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडावा लागला तर त्याचा खर्च भागेल एवढीच. पाच लाखांच्या एफडीचा किंवा पॉलिसीचा लॉकरशी काही संबंध नाही! चौदा वर्षांच्या खातेदाराला हे सांगावंसं कुणाला वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या खेपेला अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद दोनदा उलटसुलट केला आणि "हे इथे घेत नाहीत" म्हणाला. मी समोरच्या खुर्चीत बसले. चाळीस मिनिटांनी माझ्या प्रतीवर शिक्का पडला आणि कोपऱ्यात निळ्या पेनने ११ हा आकडा लिहिला गेला. सहा आठवड्यांनी फोन आला. ठेव नियमात बसेल तेवढीच घेतली. तोंडी विचारत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

या मधल्या काळात डिस्क कोथरूडला बहिणीकडे होती. लॉकर नको असेल तर तीही सोय चांगली आहे, मात्र डिस्क आधी एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही. मी त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट आहे. पासवर्ड डिस्कसोबत ठेवायचा नाही आणि तो घरातल्या आणखी एकाला माहीत हवा.

लॉकर कुठल्या मजल्यावर आहे हेही विचारा. आग, चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत ती नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी घराघरांत शिरलेलं पाहिल्यावर तळघरातला लॉकर मी घेतला नसता.

डिस्क दोन घ्या, एक लॉकरमध्ये आणि एक घरी, महिन्याला अदलाबदल करा. लॉकरमध्ये एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) नको, विजेशिवाय फार काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो. परत आणलेल्या डिस्कवरच्या चार फाइल उघडूनही बघायच्या.

माझ्या अर्जाचा मसुदा काकूंना दिला. त्यांनी नवी डिस्क घेतली, मुलाच्या फोनमधले उरलेसुरले फोटो तिच्यावर घेतले आणि गेल्या सोमवारी अर्ज दिला. त्यांचा नंबर २३ आहे.