तुम्ही विचारलंत म्हणून: झेड-इंडेक्स ९९९९ देऊनही मेन्यू कापला का जातो

"दादा, झेड-इंडेक्स ९९९९ दिलाय तरी ड्रॉपडाउन अर्धाच दिसतोय." झेड-इंडेक्स म्हणजे वेबपानावर कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा, आणि ड्रॉपडाउन म्हणजे बटण दाबल्यावर उघडणारा मेन्यू. ऑफिसातली नवी पोरं मला हे सारखं विचारतात, परवा रामबागेतल्या भाच्यानेही फोनवर हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आकडा वाढवू नका. कापणारा वरच्या पेरेंटपैकी, म्हणजे मेन्यू ज्या डब्यांच्या आत बसलाय त्यांपैकी, कुणीतरी असतो, तो शोधा.

मी स्वतः यात अडकलोय. राजवाड्याजवळच्या एका नमकीनवाल्या काकांसाठी ऑर्डरींचं पान केलं होतं, मोबाइलवर टेबल मावेना म्हणून त्याच्या डिव्हला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं, म्हटलं आडवं सरकलं की झालं. पण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत, एका दिशेला ऑटो (मावलं नाही तर स्क्रोल) दिलं की दुसऱ्या दिशेचं व्हिजिबल (बाहेर आलेलं तसंच दिसू दे) टिकत नाही, तेही आपोआप ऑटो होतं. मग शेवटच्या ओळीतले तीन टिंब दाबले की मेन्यू उघडायचा तो त्या डिव्हच्या आतच, खाली लपलेला, आणि फोनवर स्क्रोलबार तर दिसत नाही, त्यामुळे काकांना 'रद्द करें' बटण सापडलंच नाही आणि दोन दिवस ते प्रत्येक वेळी मला फोन करून ऑर्डर रद्द करायला सांगत होते. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. फार वाईट वाटलं मला.

मग मेन्यू तिथून उचलून थेट बॉडीत, म्हणजे पानाच्या मुख्य डब्यात, टाकला, रिॲक्ट ही लायब्ररी वापरणारे याला पोर्टल म्हणतात, आणि जागा मोजायला फ्लोटिंग यूआय नावाचं तयार साधन घेतलं, म्हणजे पॉपर या जुन्या साधनाची पुढची पिढी. खाली जागा नसेल तर त्यातला फ्लिप मेन्यू वर उघडतो, कडेबाहेर जात असेल तर शिफ्ट आत ओढतो. ऑटोअपडेट, म्हणजे जागा पुन्हापुन्हा मोजत राहणं, मात्र लावाच, नाहीतर बटण स्क्रोलबरोबर निघून जातं आणि मेन्यू मागेच राहतो.

मेन्यूला पोझिशन फिक्स्ड, म्हणजे स्क्रीनलाच धरून राहा, असं दिलं की सुटलो असंही नाही, वरच्या कुठल्या पेरेंटला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं) असेल तर फिक्स्ड स्क्रीन सोडून त्यालाच धरतं. पेरेंटची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, १ पेक्षा कमी असली तरी तो पेरेंट स्वतःचा वेगळा थर करतो, मग आतला ९९९९ बाहेरच्या २ च्याही खाली जातो.

आता ब्राउझरमध्येच पॉपओव्हर ॲट्रिब्यूट आलंय, ते मेन्यू सगळ्यांच्या वर टॉप लेयरमध्ये नेतं, तिथे कुणाचाच ओव्हरफ्लो कापत नाही, आणि क्रोम १२५ पासून, म्हणजे मे २०२४ पासून, ॲंकर पोझिशनिंगने नुसत्या सीएसएसमध्ये त्याला बटणाशी बांधता येतं. मला हा रस्ता मनापासून आवडलाय. काकांचं पान हळूहळू तिकडे नेतोय, पण त्यांचा फोन जुना आहे, म्हणून फ्लोटिंग यूआय अजून काढलेलं नाही, आणि प्रत्येक बदलानंतर दुकानात जाऊन त्यांच्याच फोनवर शेवटची ओळ उघडून बघतो.